चुंबक कोण घडविणार?

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहर मागे पडल्यानंतर, चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. एके काळी गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या या नगरीने यंत्रयुगातील आपला दुसरा डाव येथे मांडला. रसायने, औषधद्रव्ये, वस्त्रे आणि यंत्रांचे सुटे भाग येथून देशभर आणि देशाबाहेर जातात. त्यांत विशेष उल्लेख करावा लागतो तो कॅमशाफ्टचा. इंजिनातील झडपा नेमक्या क्षणी उघडणारा आणि मिटविणारा हा ओतीव लोखंडाचा दांडा. १९९२ मध्ये सोलापुरात स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीने चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता येथील कारखान्यांतून तो जगातील नामांकित मोटारनिर्मात्यांपर्यंत पोहोचविला. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून जागतिक दर्जाचे काम करता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

मात्र बॅटरीवर धावणाऱ्या मोटारीला कॅमशाफ्ट लागत नाही. तिला लागतो चुंबक. हा बदल एका वर्षात होणार नाही, पण तो होणार आहे हे आता कोणी नाकारीत नाही. १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीचे वैभव आणि तिचा अंत दोन्ही पाहिलेल्या सोलापूरला, एकाच मालावर विसंबण्याची किंमत काय असते हे नव्याने सांगण्याची गरज नाही. प्रश्न इतकाच आहे की, लोखंड ओतण्याची, ते सहस्रांश मिलिमीटरच्या हिशेबाने तासण्याची आणि तपासण्याची जी विद्या चिंचोळीने कमावली, ती पुढे कोणत्या कामी लावायची?

या प्रश्नाचे एक उत्तर मोठ्या विज्ञानाच्या एका फारशा चर्चेत नसलेल्या भागात दडलेले आहे. कणत्वरकांना ऊर्जा पुरविणाऱ्या प्रचंड शक्तीच्या सूक्ष्मलहरी नळ्या, आणि त्या नळ्यांमधील इलेक्ट्रॉनांचा झोत सावरून धरणारे चुंबक, हा तो भाग होय. विषय वरवर पाहता परका आणि दूरचा वाटेल. वस्तुतः तो सोलापूर जिल्ह्याच्या दाराशीच उभा आहे.

बार्शीची नोंदवही

चिंचोळी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात बार्शी आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे नाते जुने आहे. १९८७ मध्ये येथे देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील शेकडो खेड्यांमध्ये फिरून कार्यकर्त्यांनी रुग्णांची नोंद केली. शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात याच परंपरेतून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठा अभ्यास झाला. त्यात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रिया सहभागी होत्या. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली. विषाणूची एकदा केलेली तपासणीसुद्धा या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी करू शकते, हे ज्वारीच्या रानात राबणाऱ्या भगिनींच्या साह्याने सिद्ध झाले.

तपासणीने रोग कळतो. कळल्यानंतर उपचार लागतात. कर्करोगाच्या साधारणतः निम्म्या रुग्णांना उपचाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर किरणोपचाराची गरज पडते, असे या क्षेत्रातील तज्ज्ञ मानतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. दर दहा लाख लोकसंख्येमागे किमान एक किरणोपचार यंत्र असावे, हा किमान निकषही देशाने अद्याप गाठलेला नाही. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांहून अधिक होती. हिशेब ज्याचा त्याने करावा. यंत्र दूर असले की उपचार लांबतात. पाच-सहा आठवडे रोज शहरात ये-जा करणे शेतमजूर कुटुंबाला परवडत नाही आणि उपचार अर्ध्यावर सुटतात. रोग मात्र अर्ध्यावर थांबत नाही.

हे यंत्र म्हणजे एक छोटा कणत्वरकच असतो. त्यात इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास नेऊन धातूच्या पत्र्यावर आदळविले जाते आणि त्यातून निघणारे तीव्र क्षकिरण गाठीवर रोखले जातात. इलेक्ट्रॉनांना हा वेग देते ती सूक्ष्मलहरींची शक्ती. कमी ऊर्जेच्या यंत्रांत ती बहुधा मॅग्नेट्रॉन नावाची नळी पुरविते, अधिक ऊर्जेच्या यंत्रांत क्लायस्ट्रॉन. आपल्याकडील बहुसंख्य किरणोपचार त्वरक परदेशातून आलेले आहेत. यंत्राची नळी ही ठराविक काळानंतर बदलावी लागणारी वस्तू असल्याने, यंत्र एकदा विकत घेऊन परावलंबन संपत नाही. ते हप्त्याहप्त्याने चालूच राहते.

झोताची शिस्त

क्लायस्ट्रॉनचा शोध रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या दोन बंधूंनी १९३७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लावला. विमानांचा माग काढणे हा त्यांचा तात्कालिक हेतू होता. १९४८ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह कंपनी काढली आणि पुढे हीच कंपनी किरणोपचार यंत्रांच्या व्यवसायात जगात अग्रेसर ठरली. नळी बनविणाऱ्यांनी पुढे संपूर्ण यंत्र बनविले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गाभा ज्याच्या हाती, बाजार त्याच्या हाती.

क्लायस्ट्रॉनचे कार्य समजण्यास फार गणित लागत नाही. एका टोकाला तापलेल्या धातूच्या चकतीतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि लाखो व्होल्टच्या दाबाने एका निर्वात नळीत शिरतात. वाटेत धातूच्या पोकळ्या असतात. पहिल्या पोकळीत सूक्ष्मलहरींचा एक दुर्बल संकेत सोडलेला असतो. त्या लहरीमुळे काही इलेक्ट्रॉन किंचित वेगावतात, काही किंचित मंदावतात. पुढे जाता जाता मागचे पुढच्यांना गाठतात आणि सलग वाहणाऱ्या झोताचे घोळके बनतात. हे घोळके शेवटच्या पोकळीतून जाताना आपली ऊर्जा तेथे सोडतात. आत गेलेला दुर्बल संकेत लाखो पटींनी बलवान होऊन बाहेर पडतो.

येथे एक नैसर्गिक अडचण आहे. इलेक्ट्रॉन ऋणभारित असतात आणि समान भार एकमेकांना दूर ढकलतात. घोळका जितका दाट, तितका आतला कलह तीव्र. मोकळे सोडले तर हा झोत थोड्याच अंतरात फाकतो आणि नळीच्या भिंतीवर आदळतो. त्याला सावरण्यासाठी नळीभोवती, तिच्या अक्षाला समांतर असे चुंबकीय क्षेत्र निर्माण करावे लागते. बाहेर पळू पाहणारा इलेक्ट्रॉन या क्षेत्रात वळविला जातो आणि अक्षाभोवती मळसूत्रासारखा फिरत पुढे जातो. झोत एकवटलेला राहतो तो या वळणामुळे.

किती बळाचे क्षेत्र हवे? स्थिर झोताला सावरण्यास पुरेसे असलेले किमान क्षेत्र लिऑन ब्रिल्वाँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षेत्र ठेवावे लागते, कारण घोळके बनताना झोत ठिकठिकाणी अधिक दाट होतो. मोठ्या क्लायस्ट्रॉनमध्ये हे क्षेत्र साधारणतः एक दशांश टेस्लाच्या आसपास असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ते दोन हजार पटींहून अधिक भरते.

स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेतील ५०४५ क्रमांकाच्या प्रसिद्ध क्लायस्ट्रॉनचे आकडे पाहिले की या कामाचे गांभीर्य कळते. साडेतीन लाख व्होल्टचा दाब, चारशेहून अधिक अँपिअरचा प्रवाह आणि इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ८० टक्के. स्पंद टिकतो केवळ साडेतीन मायक्रोसेकंद, पण तेवढ्या काळात झोताची शक्ती सुमारे साडेचौदा कोटी वॅट असते. त्यातून साडेसहा कोटी वॅटची सूक्ष्मलहरी शक्ती मिळते. या झोताचा केवळ एक टक्का भाग वाट चुकून भिंतीला लागला, तरी त्या क्षणी साडेचौदा लाख वॅट नको त्या जागी उतरतात. तांबे वितळते, निर्वात बिघडते आणि महिनोन्‌महिने खपून बनविलेली नळी निकामी होते.

म्हणून चुंबकाचे काम केवळ बळाचे नाही, अचूकतेचे आहे. तांब्याच्या कॉइलचे वेढे सारखे हवेत. पाठ्यपुस्तकांत ज्याला नालकुंतल म्हणतात, तीच ही रचना. कॉइलभोवतीचे मृदू लोखंडाचे कवच एकजिनसी हवे. चुंबकाचा अक्ष आणि नळीचा अक्ष एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. इलेक्ट्रॉन जेथे जन्मतात तेथे क्षेत्र हळूहळू चढत गेले पाहिजे, त्यासाठी उलट दिशेने वाहणारी एक छोटी कॉइल लागते. आणि जेथे झोताचे काम संपते तेथे क्षेत्र झपाट्याने उतरले पाहिजे, म्हणजे झोत फाकून उरलेली उष्णता विस्तीर्ण पृष्ठभागावर वाटली जाईल. कोठे धरायचे आणि कोठे सोडायचे, दोन्ही गोष्टी त्या लोखंडाच्या आकारात आधीच कोरलेल्या असतात.

हे वर्णन वाचताना चिंचोळीच्या कोणाही अनुभवी कारागिराला काही ओळखीचे सापडेल. मृदू लोखंड, एकजिनसी ओतकाम, अक्षाची अचूकता, तांब्याची गुंडाळणी, पाण्याने थंड ठेवण्याची व्यवस्था. यातील एकही गोष्ट जादूची नाही. कमी आहे ती चुंबकीय मोजमापाची विद्या आणि काम सोपविणाऱ्याचा विश्वास.

तीन मार्ग, तीन किमती

झोत सावरण्याचे तीन मार्ग आज उपलब्ध आहेत आणि प्रत्येकाची किंमत निराळी आहे.

पहिला मार्ग विद्युतचुंबकाचा. तो भरवशाचा आहे, क्षेत्र हवे तसे कमी-अधिक करता येते, पण तो अहोरात्र वीज खातो. युरोपातील सर्न या संस्थेपुढे क्लिक नावाच्या भावी त्वरकाचा एक प्रस्ताव आहे. त्याच्या क्लायस्ट्रॉनवर आधारित पर्यायात सुमारे ५,००० क्लायस्ट्रॉन लागतील आणि प्रत्येकाच्या चुंबकाला सुमारे २० किलोवॅट, असा हिशेब निघाला. म्हणजे केवळ झोत सावरण्यासाठी १०० मेगावॅट. सोलापूरजवळच्या फताटेवाडी येथील एनटीपीसीच्या औष्णिक केंद्राची संपूर्ण क्षमता १,३२० मेगावॅट आहे. तिच्या सुमारे तेराव्या हिश्श्याइतकी वीज नुसत्या चुंबकांत जावी, हे कोणत्याही देशाला परवडणारे नाही.

म्हणून जपानच्या केईके या संस्थेने आणि सर्नने मिळून दुसरा मार्ग चोखाळला, तो अतिवाहक चुंबकाचा. मॅग्नेशियम डायबोराइड या संयुगाच्या तारेपासून बनविलेला हा चुंबक सुमारे उणे २५३ अंश सेल्सिअसला थंड ठेवला की तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो. थंडाव्याच्या यंत्रासह तो तीन किलोवॅटहूनही कमी विजेवर चालतो. वीस किलोवॅटचे काम तीन किलोवॅटमध्ये! प्रगत देश कोणत्या तपशिलात किती खोल उतरतात, याचे हे उदाहरण आहे.

तिसरा मार्ग स्थायी चुंबकाचा. उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून पालटून येतील अशा कड्यांची माळ नळीभोवती बसविली की विजेशिवाय झोत सावरता येतो. उपग्रहांतील आणि रडारमधील अनेक सूक्ष्मलहरी नळ्या याच पद्धतीने चालतात. स्लॅकने साडेसात कोटी वॅटपर्यंतच्या क्लायस्ट्रॉनसाठीही ती वापरून दाखविली. परंतु या कड्यांसाठी सॅमेरियम-कोबाल्टसारखे, उष्णतेत टिकणारे चुंबक लागतात. आणि येथे विज्ञानाची वाट थेट भूराजकारणात शिरते.

दुर्मीळ मृदाधातूंच्या चुंबकांचे जगातील सुमारे नव्वद टक्के उत्पादन चीनच्या हाती आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सॅमेरियम, डिस्प्रोसियम, टर्बियम यांसह सात मृदाधातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. काही आठवड्यांतच भारतीय वाहन उद्योगाला त्याची झळ लागली. एक मुठीएवढा चुंबक मिळाला नाही म्हणून मोटार अडते, हे दृश्य उद्योगपतींनी आणि मंत्रालयांनी एकाच वेळी पाहिले. त्यानंतर २६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन मृदाधातू चुंबकांची क्षमता देशात उभी करण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्याआधी ११ मे २०२३ रोजी विशाखापट्टणम येथे आयआरईएलचा वर्षाला ३,००० किलो क्षमतेचा सॅमेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला होता. टन आणि किलो यांतील अंतर ज्याला कळते, त्याला कामाचा पल्लाही कळेल.

प्रयोगशाळा आणि कारखाना

भारताला हे तंत्रज्ञान अवगत नाही, असे म्हणणे शास्त्रज्ञांवर अन्याय करणारे ठरेल. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सूक्ष्मलहरी विभागातून वाढलेली समीर ही संस्था १९८४ मध्ये स्वतंत्र झाली. पवईच्या आयआयटी परिसरात असलेल्या या संस्थेने कर्करोगोपचाराचा स्वदेशी त्वरक बनविला. जय विज्ञान कार्यक्रमाखाली तो पुढे विकसित झाला आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ग्रामीण रुग्णांच्या सेवेत रुजू झाला. राजस्थानातील पिलानी येथील सीरी या संस्थेने क्लायस्ट्रॉन आणि मॅग्नेट्रॉन या दोन्ही नळ्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. नवी मुंबईतील खारघर येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे इलेक्ट्रॉन-झोत केंद्र आहे.

चुंबकांच्या बाबतीतही देशाची कामगिरी लहान नाही. सर्नच्या महाकाय हॅड्रॉन कोलायडरसाठी इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने भारतातून सुमारे अठराशे अतिवाहक सुधारक चुंबक गेले. तीस टनांहून जड असे चुंबक सूक्ष्म अचूकतेने बसविण्यासाठी लागणारे सात हजारांहून अधिक जॅकही भारतानेच पुरविले. ते भारतीय कारखान्यांत बनले. जगातील सर्वांत मोठे यंत्र ज्या आधारांवर उभे आहे, ते भारतीय हातांनी घडविलेले आहेत.

या कामाला प्रतिकूल काळाचीही पार्श्वभूमी आहे. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने भाभा अणुसंशोधन केंद्रासह अनेक भारतीय संस्थांना निर्बंधांच्या यादीत टाकले. भाभा केंद्राचे नाव त्या यादीतून निघाले ते जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे एका पिढीची शास्त्रज्ञ म्हणून सारी उमेद ज्या काळात खर्ची पडली, तो सारा काळ हे दार अर्धे मिटलेले होते. कोणती वस्तू केव्हा नाकारली जाईल हे ठरविण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे असतो. हा धडा एकदा अमेरिकेने दिला, दुसऱ्यांदा चीनने. तिसऱ्यांदा तो घेण्याची वेळ येऊ नये.

असे असूनही प्रयोगशाळेत सिद्ध झालेली वस्तू कारखान्यात आणि तेथून रुग्णालयात जाण्याचा मार्ग अरुंद राहिला. एक नमुना बनतो, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्रे छापून येतात आणि पुढची मागणी निघेपर्यंत हात रिकामे होतात. कारागीर दुसऱ्या कामाला लागतो आणि कमावलेले कौशल्य विरून जाते. याला अपवाद आहे. भाभा केंद्राने विकसित केलेले भाभाट्रॉन हे कोबाल्टवर चालणारे किरणोपचार यंत्र बंगळुरूच्या पॅनेशिया कंपनीकडे सोपविण्यात आले आणि ते व्हिएतनामपर्यंत पोहोचले. जे कोबाल्टच्या यंत्राबाबत साधले, ते नळी आणि चुंबक यांबाबत का साधू नये?

आक्षेपांचा विचार

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला असा की, क्लायस्ट्रॉनचे युगच संपत आले आहे. याला आधारही आहे. इंदूरच्या इंडस-२ या त्वरकात पूर्वी ६४ किलोवॅटचे चार क्लायस्ट्रॉन होते. परदेशी नळ्या मिळणे अवघड होऊ लागल्यावर तेथील अभियंत्यांनी अर्धवाहकांवर चालणारे प्रवर्धक स्वतः विकसित करून त्यांची जागा भरली. ही कामगिरी अभिमानास्पद आहे आणि जेथे हे शक्य आहे तेथे तेच करावे. परंतु काही मायक्रोसेकंदांत कोट्यवधी वॅटची शक्ती द्यावयाची असते, तेथे नळीला समर्थ पर्याय अद्याप उभा राहिलेला नाही. शिवाय अर्धवाहक आले तरी त्वरकातील झोत वळविणारे आणि एकवटणारे चुंबक जात नाहीत. नळी बदलेल, चुंबकाचे काम राहील.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. वर्षाला मोजक्याच नळ्या लागत असतील, तर त्यांच्या चुंबकांवर कारखाना कसा चालावा? केवळ त्यांच्यावर चालणार नाही, हे उघड आहे. पण एका कामासाठी कमावलेली विद्या दहा ठिकाणी उपयोगी पडते. अचूक गुंडाळणी आणि चुंबकीय मोजमाप ज्याला जमले, तो बॅटरीच्या मोटारीचा चुंबकीय भाग करू शकतो, रुग्णालयाच्या एमआरआय यंत्राचे सुटे भाग करू शकतो, बंदरावरील कंटेनर तपासणाऱ्या त्वरकाचे काम घेऊ शकतो. चिंचोळीच्या अलीकडेच केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. परदेशी जाणाऱ्या फळांवर किरणप्रक्रिया करावी लागते, आणि ती इलेक्ट्रॉन त्वरकानेही करता येते. शेतकऱ्याचे फळ आणि अभियंत्याचा चुंबक एकाच रस्त्यावर भेटू शकतात.

करावयाचे काय?

उपाय भव्य नाहीत, आणि त्यातच त्यांचे बळ आहे. अणुऊर्जा विभाग, समीर आणि सीरी यांनी चुंबक, कवच, कॉइल अशा सुट्या भागांची कामे लहान तुकड्यांत, स्पष्ट आराखड्यांसह जिल्ह्यांच्या वसाहतींपर्यंत न्यावीत. एका नमुन्याची निविदा काढून थांबू नये. पाच-सात वर्षांच्या मागणीची हमी द्यावी, कारण मध्यम उद्योजक नवे यंत्र कर्जावर घेतो आणि कर्जाचा हप्ता उद्घाटनाच्या छायाचित्रावर फिटत नाही. देयके वेळेवर चुकती करावीत. सर्वांत कमी दराला काम देण्याची सवय या क्षेत्रापुरती तरी सोडावी, कारण स्वस्तातला चुंबक एक महागडी नळी जाळून टाकू शकतो.

सोलापूरच्या विद्यासंस्थांचीही जबाबदारी आहे. वालचंद तंत्रज्ञान संस्था १९८३ पासून येथे अभियंते घडवीत आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ केगावला, महामार्गालगतच आहे. चुंबकीय क्षेत्र बिंदूबिंदूने मोजणारी एक प्रयोगशाळा वसाहतीसाठी सामायिक स्वरूपात उभी करणे या दोन संस्थांना अशक्य नाही. चाचणीसाठी प्रत्येक वेळी इंदूर किंवा मुंबई गाठावी लागली, तर कोणताही लहान उद्योजक दुसऱ्यांदा या वाटेला जाणार नाही.

आणि उद्योजकांनीही आपल्या मनाची तयारी करावी. हे काम पहिल्या वर्षी नफा देणार नाही. कदाचित पहिले दोन चुंबक नाकारले जातील. कॅमशाफ्टच्या पहिल्या खेपाही कोणी डोळे मिटून स्वीकारल्या नसतील. परदेशी ग्राहकाचे समाधान करण्यासाठी जी चिकाटी दाखविली, ती देशातील रुग्णासाठी दाखविण्यास हरकत नसावी.

स्वदेशीचा अर्थ अनेकदा अंतिम वस्तूवरील नाममुद्रेपुरता मर्यादित केला जातो. यंत्रावर भारतीय नाव असते, उद्घाटनाला नारळ फुटतो, पण आतली नळी परक्याची आणि नळीभोवतीचा चुंबक आणखी तिसऱ्याचा. त्याला जोडणी म्हणावे, निर्मिती म्हणू नये. खरे स्वावलंबन आतल्या भागापासून सुरू होते, ज्याचे नाव कोणाला ठाऊक नसते आणि ज्यावाचून काहीही चालत नाही.

बार्शीच्या नोंदवहीत दर वर्षी नवी नावे चढत आहेत. त्या नावांमागे परांड्याची एखादी आई असेल, मोहोळचा एखादा ऊसतोड मजूर असेल. त्यांना क्लायस्ट्रॉन म्हणजे काय हे कळण्याचे कारण नाही. त्यांना एवढेच हवे आहे की यंत्र जवळ असावे आणि ते बंद पडू नये. त्यासाठी लागणारा चुंबक ज्या लोखंडापासून घडतो, ते लोखंड ओतणारे आणि तासणारे हात त्यांच्याच जिल्ह्यात, चिंचोळीत आहेत. त्या हातांना हे काम मिळाले पाहिजे, आणि ते मागण्याची हिंमतही त्या हातांनी केली पाहिजे.